डावा बूट

३ मे

टेनिस क्लबने मधल्या कोर्टाला रऊफचं नाव द्यायचं ठरवलं. समारंभ जूनच्या शेवटी. क्लबला साठ वर्षं ऑक्टोबरमध्ये होतात, मग तेव्हाच का नाही, असं बैठकीत कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझा भाऊ ऑक्टोबर बघणार नाही हे अख्ख्या मर्सा गावाला ठाऊक आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग. थंडीत कळला तेव्हाच उशीर झाला होता.

भाषण माझ्याकडे आलं. आम्हा दोघांच्या हातात पहिल्यांदा रॅकेट देणारे अम् बशीर, म्हणजे आमचे बशीरकाका, म्हणाले, "तूच बोल, पोरी. कॉलेजात शिकवतेस, सख्खी बहीण आहेस, आणि तुला खोटं बोलता येत नाही. बाकीचे माईक हातात आला की त्याला जगज्जेता करून सोडतील."

घरी येऊन खरं तेवढंच लिहून पाहिलं. रऊफने एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही. बावीस वर्षांपूर्वी पॅरिसला उपांत्य फेरी गाठली. पाचव्या सेटमध्ये त्याच्याकडे मॅच पॉइंट होता. एत्तोरे वाल्डेसीचा फटका मागच्या रेषेपाशी पडला, रेषेवरचा पंच 'आउट' ओरडला, लोक उभे राहिले. रऊफ ठसा बघायला गेला, त्याने तो बुटाने पुसला आणि हात वर केला. चेंडू आत होता, असा त्याचा अर्थ. लाल मातीवर खेळाडूने स्वतः ठसा पुसला की वाद संपतो, गुण समोरच्याला जातो. तिथून तो सामना हरला. दुसऱ्या दिवशी तिकडच्या पेपरांनी त्याला 'प्रामाणिक ट्युनिशियन' म्हटलं. आजही मासळीबाजारात त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि वजनात मारतात.

एवढं लिहून झालं आणि भाषण संपलं.

९ मे

संध्याकाळी रऊफकडे. अंगणात खाटेवर पडला होता, कानामागे मोगऱ्याच्या कळ्यांचा जुडा. त्याच्या बायकोने, सिहेमने खोचला असणार. तो म्हणाला, "नवरदेव दिसतोय की नाही? फक्त नवरी रागावलीय." सिहेम आतून म्हणाली, "नवरीने दुपारपासून मुलुखियाची आमटी शिजवलीय आणि नवरदेवाने दोन चमचे खाल्लीय."

अम् बशीर आले होते. दोघांचा जुना खेळ चालू होता, हरलेल्यांची टीम काढायची. म्हणजे ज्यांना कधी एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही असे खेळाडू. अट एकच, खेळ बघताना आपण खुर्चीतून उठलो असलो पाहिजे.

"तो उंच बल्गेरियन. पॅरिसला दोनदा फायनल हरला."

"चालेल. पण फार रडायचा."

"तू हरून बघ दोन फायनल, मग सांग."

"मी एकाही फायनलला गेलो नाही, अम् बशीर. मला रडायची परवानगीच नाही."

कर्णधार नेहमीप्रमाणे वाल्डेसी. लहानपणी रऊफच्या पलंगावर भिंतीला त्याचाच फोटो होता. तेव्हापासून तो हरायचा. मी विचारलं, तुला आवडणारे सगळे हरणारेच कसे रे? तो म्हणाला, "जिंकणाऱ्यांवर प्रेम करायला सगळं जग आहे, पंचबाई. त्यांना माझी काय गरज?"

पंचबाई हे माझं लहानपणापासूनचं नाव. प्रत्येक ठशावर मी भांडायचे म्हणून.

निघताना अम् बशीर दाराशी म्हणाले, "बाहेर होता. मी मरेपर्यंत म्हणणार, तो चेंडू बाहेर होता. आपल्या गाढवाने भलताच ठसा पुसला." हे ते बावीस वर्षं म्हणतायत. आज पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली घेतला.

१४ मे

समारंभात दाखवायला त्या सामन्याची चित्रफीत मागवली होती, ती पॅरिसहून आली. आपल्या घरातल्या कॅसेटवर पाऊस पडतो. ही मात्र स्वच्छ. कॉलेजच्या नकाशांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लावली. विमानातून काढलेल्या फोटोंवरून ओढा कुठला आणि वाट कुठली, हे ओळखायला मी मुलांना शिकवते. तशाच मोजक्या चौकटी थांबवून बघितल्या.

दोन ठसे आहेत. एक रेषेवर, कडा विरघळलेला, आधीच्या कुठल्यातरी फटक्याचा. दुसरा रेषेबाहेर चार बोटं, ताजा. चेंडू पडताना धूळ उडाली ती तिथेच उडालीय. पुढे थांबवलेल्या चौकटीत रऊफ रेषेवरच्या ठशावर उजवा बूट ठेवून उभा आहे. बाहेरचा ठसा त्याच्या पायांमागे गेल्यामुळे दिसत नाही.

अम् बशीर बरोबर होते. त्याने जुना ठसा पुसला. चेंडू बाहेर होता. माझ्या भावाने तो सामना जिंकला होता.

खोलीत कोणी नव्हतं हे बरं झालं. मी किती वेळ रडले कोण जाणे.

आता एकच प्रश्न आहे. हे त्याला सांगायचं का? जो आयुष्यभर हरलेला म्हणून जगला, त्याला जिंकलेला म्हणून जाऊ द्यावं असं मला वाटतं. पण मला असं का वाटतं, हेही तपासलं पाहिजे. त्याच्यासाठी की माझ्यासाठी? त्या दिवशी मी तिथे प्रेक्षकांत बसले होते, बाबांशेजारी. रऊफने हात वर करण्याआधी एकदा आमच्याकडे पाहिलं होतं. बाबा म्हणाले, "शाब्बास." मी काहीच म्हणाले नाही. मला तो जिंकायला हवा होता.

१५ मे

सिहेमला सांगितलं. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, थांबली नाही.

"मग?"

"मग म्हणजे? तो जिंकला होता, सिहेम."

"कौथर, तो चेंडू बावीस वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलाय. पाहुणे आले की आधी त्याला वाढायचं, मग आम्हाला. कोणी म्हणतं आत, कोणी म्हणतं बाहेर. रऊफ हसतो. पोटात काही जात नसताना तू त्याला हे वाढणार?"

"खरं कळायचा त्याला हक्क आहे."

"तुम्ही शिकलेली माणसं हक्क फार लवकर काढता," ती म्हणाली. मग शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "सोल. हात तरी चालव."

तिला नको आहे कारण तिला तो आत्ता आहे तसाच हवाय. हे समजतं. पटत नाही.

२० मे

समारंभासाठी जुने फोटो शोधत होते. आमच्या दोघांचा एक सापडला, क्लबच्या मागच्या कोर्टवर. मी अकरा वर्षांची, हातात पितळेचा छोटा कप. रऊफ चौदाचा, जीभ काढून उभा.

तो माझा कप. अजून माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला. त्या उन्हाळ्यात मी रऊफला हरवलं होतं, एक अख्खा सेट. बाबांनी तांबटबाजारात जाऊन कप घेतला, त्यावर माझं नाव कोरून आणलं. पुढे तो मोठा खेळाडू झाला तेव्हा अम् बशीर माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ही कोण माहितीय का? रऊफला हरवलेली." कॉलेजात पहिल्या तासाला उभी राहिले तेव्हाही मनात तेच वाक्य होतं. ह्या वयात हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

फोटोत रऊफच्या डाव्या बुटातून अंगठा बाहेर आलाय. आईची तक्रार आठवली: "उजवा बूट नवा कोरा आणि डाव्याचा चवडा फाटलेला. ह्या पोराला एका पायाचे बूट कुठे मिळतील?" डावा पाय मातीत घासत चालायचा. गंमत म्हणजे अम् बशीरना ती सवय कधी दिसलीच नाही. ते म्हणायचे, माझ्यासमोर तर हा हरणासारखा पाय उचलतो. फक्त सुट्टीत, माझ्याशी खेळताना घासायचा. आळस, दुसरं काय.

२७ मे

पॅरिसची स्पर्धा सुरू झाली. रऊफला टीव्हीसमोर आरामखुर्चीत बसवतात. अर्धा वेळ डोळे मिटलेले असतात.

आज म्हणाला, "एत्तोरेला फोन लाव." इटलीत पेस्काराला त्याची खाणावळ आहे, नंबर सिहेमकडे होता. फोन खुर्चीच्या हातावर ठेवला, आवाज मोठा केला. दोघांचंही फ्रेंच भयंकर.

"कोण? प्रामाणिक माणूस?"

"अजून आहे. थोडा उरलोय. तू जाड झालास म्हणे."

"खाणावळवाला बारीक असला तर गिऱ्हाईक पळतं. कसा आहेस?"

"मरतोय. ते सोड. एक विचारायचं होतं." रऊफला दम लागला, त्याने हात वर करून मला थांबवलं. "फायनल का हरलास रे, गाढवा? तीन सरळ सेटमध्ये? मला हरवायला पाच लागले होते ना तुला?"

पलीकडे भांडी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"मला खेळता आलं नाही," वाल्डेसी म्हणाला. "रऊफ, मी माझा फटका मारतो तेव्हा तो कुठे पडणार हे मला हातात कळतं. त्या दिवशीही कळलं होतं."

"गप रे. म्हातारा झालास."

"तू मागितलं असतंस तर मी..."

"मी काही मागत नाही. एक फायनल मागितली होती, तीही तू घालवलीस." आणि रऊफ एवढा हसला की खोकला थांबेना. सिहेमने फोन बंद केला.

नंतर टेकून बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "फुकट गेलं सगळं." त्याचं खेळणं, ती सगळी वर्षं. मला राहवेना. वाल्डेसीलाही माहीत आहे की चेंडू बाहेर होता! त्याने तो घेतला आणि वर कबूलही करतोय. ज्याच्याकडून ते लुबाडलं गेलं त्या एकट्यालाच ठाऊक नाही.

मी सांगणार.

१ जून

सांगितलं. सिहेम औषधं आणायला गेली होती. संधी साधली, असं मी स्वतःबद्दल लिहिते, कारण तसंच आहे.

दोन चौकटींची छायाचित्रं घेऊन गेले होते. त्याच्या मांडीवर ठेवली, बोटाने दाखवलं: हा जुना, हा ताजा, चार बोटं बाहेर. "तुझी नजर चुकली एवढंच. तू जिंकला होतास, रऊफ."

त्याने चित्रं नीट पाहिलीच नाहीत. माझ्याकडे पाहत होता.

"आणखी कोणी बघितलंय?"

"मी आणि... सिहेमला सांगितलंय."

"अम् बशीर?"

"अजून नाही. समारंभात सगळ्यांनाच दाखवायचं असं मनात आहे."

"माझी नजर चांगली होती, पंचबाई," तो म्हणाला. "त्या वेळी मला पलीकडच्या कोर्टवरचा ठसा दिसायचा."

"सगळ्यांकडूनच चूक होते."

"हं." मग म्हणाला, "तू फोटोच बघितलेस? मी चालत येतो ते नाही बघितलंस?"

"त्यात काय बघायचं?"

तो हसला. लहानपणी जीभ काढायचा तसंच काहीतरी तोंड केलं, पण ओठ कोरडे होते, जमलं नाही. "काही नाही. नको बघूस. मला पाणी दे."

पाणी दिलं. ग्लास धरता येत नव्हता, मी धरला. म्हणाला, "अम् बशीरना सांगू नकोस. ते बिचारे भांडून भांडून जगलेत. जिंकले तर करतील काय?" ही थट्टा होती असं मी धरलं. पण पुढे म्हणाला, "आत होता असंच राहू दे. माझ्यासाठी."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. घरी येताना समुद्राच्या बाजूने चालत आले, शहिलीचा गरम वारा सुटला होता, डोळ्यांत रेती. मी त्याला जगातली सगळ्यात मोठी गोष्ट द्यायला गेले आणि त्याने ती बाजूला ठेवली. मला राग आला होता. मरणाऱ्या भावाचा राग. हे लिहिताना लाज वाटते, पण खोडत नाही.

७ जून

आता बोलत नाही. जर्दाळू कुस्करून ओठांना लावलं, चाखलं असावं. टीव्ही आम्ही चालू ठेवतो, चेंडूचा आवाज आला की त्याची बोटं हलतात.

९ जून

सकाळी गेला. पॅरिसची फायनल व्हायची होती.

१० जून

दुपारच्या नमाजानंतर दफन केलं. अम् बशीर कबरीपाशी गुडघ्यावर बसले आणि हाताने माती सारखी करत राहिले, कोर्ट सारखं करतात तशी. दोघांनी धरून उठवलं.

वाल्डेसी आला नाही. सिहेमला त्याचा निरोप आला: 'मी ती फायनल खेळायला नको होती.' हे आत्ता का, मला काही समजलं नाही.

२ जुलै

समारंभ आता चाळिसाव्या दिवसानंतर. सिहेमने रऊफच्या वस्तू काढायला बोलावलं. रॅकेट, टोप्या, पलंगावरचा वाल्डेसीचा तो जुना फोटो, गुंडाळून ठेवलेला. पॅरिसला घातलेले बूट तिने पेटीत जपले होते. लाल माती अजून तळव्याला.

मी ते हातात घेतले आणि उलटे केले. उजवा नीट आहे. डाव्याच्या चवड्याला, वरून, लाल घासल्याची खूण.

"काय बघतेस?" सिहेमने विचारलं.

"काही नाही."

मी त्याचंच उत्तर दिलं होतं. ते मला टॅक्सीत बसल्यावर कळलं.

३ जुलै

सुट्टी असूनही कॉलेजात गेले. शिपायाला खोली उघडायला लावली.

आज चौकटी थांबवल्या नाहीत. सलग पाहिलं. चेंडू पडतो. 'आउट'. लोक उठतात. रऊफ जाळ्याकडून मागे येतो, सावकाश, खांदे पडलेले. तो आधी ताज्या ठशापाशी येतो. त्याच्यासमोर उभा राहतो. खाली बघतो. मग पलीकडे वाल्डेसीकडे बघतो, जो जाळ्यापाशी हात मिळवायला आलाच आहे, त्याचे केस विरळ झालेत, तेहतीस वर्षांचा माणूस. रऊफ एक पाऊल टाकतो आणि डावा पाय मातीवरून ओढतो. सहज. आळसाने ओढावा तसा. ठसा गेला. मग दुसरं पाऊल, उजवा बूट रेषेवरच्या जुन्या ठशावर. तो सगळ्यांना दिसेल असा पुसतो. आणि हात वर करण्याआधी प्रेक्षकांत आमच्या बाजूला बघतो.

बाबांकडे नाही. बाबा माझ्या डावीकडे होते.

पंच खुर्चीतून उतरून आला तेव्हा बाहेरचा ठसा त्याला का दिसला नाही, हा प्रश्न मला मे महिन्यातच पडायला हवा होता. मी मुलांना दरवर्षी सांगते, चित्रात काय नाही तेही बघा.

चित्रफीत परत लावली नाही. एकदा पुरे.

२१ जुलै

समारंभ झाला. ऊन उतरल्यावर, मधल्या कोर्टाच्या कडेला. पाणी मारलेली माती. सिहेम पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत. मोगऱ्याचे जुडे वाटले गेले.

भाषणात मी त्याने काय जिंकलं नाही ते सांगितलं. त्याची हरलेल्यांची टीम सांगितली, लोक हसले. चित्रफीत दाखवली नाही. खराब निघाली असं मी म्हणाले. ते पहिलं खोटं.

मग अम् बशीर उठले. त्यांना माईक लागत नाही.

"पोरी, सगळ्यांसमोर एकदा सांगून टाक. तू पॅरिसहून मागवलेली फीत बघितलीयस, मला माहितीय. बावीस वर्षं मी ह्या लोकांशी भांडतोय. तुझ्या तोंडून ऐकतो आणि मरायला मोकळा होतो. आत की बाहेर?"

कोणीतरी हसून ओरडलं, "बाहेर म्हणा, बाई, नाहीतर म्हातारा आम्हाला जगू देणार नाही!"

सिहेम माझ्याकडे बघत होती. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

मला वाटलं होतं मी अडखळेन. नाही अडखळले.

"आत होता," मी म्हणाले.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, अम् बशीर. रेषेवर. रऊफने बरोबर पुसला."

ते उभेच राहिले. मग त्यांनी टोपी काढली, खिशात घातली, पुन्हा काढून डोक्यावर ठेवली. "तू सांगतेस म्हणजे तसंच," ते म्हणाले. "हरामखोर. शेवटपर्यंत प्रामाणिक." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. सिहेमने उठून त्यांना धरलं.

लोक पांगल्यावर मागच्या कोर्टाकडे गेले. तिथे आता कोणी खेळत नाही, कडेला गवत आलंय. त्या उन्हाळ्यातल्या सेटचा शेवटचा चेंडू मी इथून मारला होता. तो पलीकडच्या रेषेपाशी पडला, मी इतक्या खात्रीने 'बाहेर' समजले की रॅकेट टाकून दिली होती. रऊफ ठशापर्यंत चालत गेला. "आत आहे, पंचबाई! जिंकलीस!" मी धावत पोहोचले तेव्हा बघायला काही नव्हतं. नुसती सारखी माती.

घरी येईपर्यंत ठरवलं होतं की कप टेबलावरून काढायचा. तो मी जिंकलेला नाही, आणि जे जिंकलं नाही ते मांडून ठेवू नये. पेनं बाहेर काढली. कप उचलला. मग वाटलं, असं केलं तर मी पुन्हा ठसा तपासायला धावत गेल्यासारखं होईल.

पेनं परत आत ठेवली. कप तिथेच आहे.